सोनोमाची शर्यत शेवटून मोजायची असते

कॅलिफोर्नियात सोनोमाला मोटारींची शर्यत बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तास गाड्या पाहिल्या आणि परतीच्या वाटेवर नवऱ्याला विचारलं, "पण तो जिंकला कसा?" शर्यतीच्या मध्यावर बराच मागे असलेला ड्रायव्हर शेवटी पहिला आला होता, आणि त्याने एकेकाला गाठून मागे टाकलेलं काही मला दिसलं नव्हतं. नवऱ्यालाही उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी वही घेऊन गेले. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांना घेऊन गेले. आता ओळखीतली मराठी मंडळी फ्रीमाँटहून, सॅन होजेहून नॅसकार, म्हणजे अमेरिकेतल्या ह्या मोटार शर्यती, बघायला निघाली की आधी फोन करतात. फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून काढते आहे.

त्यातली मुख्य गोष्ट ही : वळणावळणाच्या ट्रॅकवरची शर्यत पहिल्या फेरीपासून पुढे मोजत गेलात तर हाती काही लागत नाही. शेवटच्या फेरीपासून मागे मोजत यायचं. पिटमध्ये, म्हणजे गाड्या टायर-पेट्रोलसाठी थांबतात तिथे, बसलेली माणसं तेच करत असतात.

आधी ट्रॅक कागदावर काढा

नॅसकारच्या कप ह्या सगळ्यांत वरच्या मालिकेतल्या बहुतेक शर्यती अंडाकृती ट्रॅकवर होतात. गाड्या सतत डावीकडे वळतात आणि स्टँडमध्ये बसल्याजागी सगळा ट्रॅक दिसतो. सोनोमा रेसवे त्यातला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, हायवे ३७ आणि हायवे १२१ जिथे मिळतात तिथल्या टेकड्यांवर तो १९६८ मध्ये बांधला गेला. तेव्हा त्याचं नाव सीअर्स पॉइंट होतं. कप मालिका इथे १९८९ मध्ये आली आणि पहिली शर्यत रिकी रडने जिंकली. ट्रॅकच्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात सखल जागेत साधारण १६० फुटांचा फरक आहे. म्हणजे चढ, उतार, डावं, उजवं, सगळं एका फेरीत. एका जागेवरून अख्खा ट्रॅक दिसत नाही, म्हणून नकाशा डोक्यात असायला हवा.

शर्यतीच्या आदल्या रात्री एका कागदावर हाताने ट्रॅक काढा. छापील नकाशा नको, हाताने काढलेलाच लक्षात राहतो. सुरुवातीच्या रेषेवरून गाडी डावीकडे पहिलं वळण घेत टेकडी चढते. दुसरं वळण उजवीकडचं, चढाच्या टोकाला, पलीकडचं काही दिसत नाही असं. मग तिसरं आणि त्याचं जोडवळण माथ्यावर. चौथ्या वळणाला रस्ता उतरू लागतो आणि पुढे सरळ पट्टा येतो, त्याला इथे 'शूट' म्हणतात. शूट संपल्यावर एकदम सातवं वळण! पाचवं आणि सहावं कुठे गेलं असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पूर्ण ट्रॅक २.५२ मैलांचा आहे आणि त्यात पाचव्या-सहाव्याच्या जागी 'कॅरोसेल' नावाचा लांब वळसा आहे. नॅसकारच्या गाड्या १९९८ पासून तो वळसा टाळून शूटवरून जातात. मध्ये २०१९ आणि २०२१ मध्ये त्या कॅरोसेलवरून धावल्या (२०२० मध्ये इथे शर्यतच झाली नाही), आणि २०२२ पासून पुन्हा शूट. सातव्यानंतर नागमोडी आठवं-नववं, मग वेगाचं दहावं, मग अकरावं म्हणजे केसांच्या पिनेसारखं उजवं वळण, आणि बाराव्यावरून पुन्हा रेषेवर.

अशी एक फेरी १.९९ मैलांची. वेळ साधारण सव्वा मिनिट. अशा ११० फेऱ्या. शर्यतीच्या 'टोयोटा/सेव्ह मार्ट ३५०' ह्या नावातला ३५० हा आकडा किलोमीटरचा आहे, मैलांचा नाही.

कागदावर सातव्या आणि अकराव्या वळणाभोवती लाल पेनाने गोल करा. ओव्हरटेक बहुतांशी तिथेच होतात, कारण दोन्हीकडे गाडी वेगात येते आणि जोरात ब्रेक मारावा लागतो. २०१६ च्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत हे दोन्ही गोल कामाला आले. सातव्या वळणावर डेनी हॅमलिनने टोनी स्टुअर्टला मागे टाकलं आणि अकराव्यावर हॅमलिनची गाडी जरा रुंद गेली तेवढ्यात स्टुअर्टने आतून नाक घुसवून, घासत-धडकत, शर्यत परत घेतली. कप मालिकेतला तो त्याचा शेवटचा विजय.

गाडीबद्दल लागेल तेवढंच

टोयोटाची कॅम्री, फोर्डची मस्टँग, शेव्हरोलेची कॅमारो अशी तीनच रूपं दिसतील. आतली गाडी मात्र शोरूममधल्या गाडीसारखी अजिबात नसते. २०२२ पासून सगळ्या संघांकडे एकाच साच्याची गाडी आहे : ५.८६ लिटरचं व्ही-८ इंजिन, पुढे-मागे ढकलून टाकायचे पाच गिअर, आणि प्रत्येक चाकाला मध्यभागी एकच मोठा नट. वजन दीड टनाच्या आसपास. एवढं वजन उतारावरून सातव्या वळणात थांबवायचं म्हणजे ब्रेकची आणि टायरची परीक्षा असते. गाडीत स्पीडोमीटर नसतो. पिट लेनमध्ये वेगमर्यादा असते आणि ती ड्रायव्हरला इंजिनाच्या फेऱ्या आणि डॅशबोर्डवरचे दिवे बघून पाळावी लागते. पुढे पिटमध्ये जास्त वेगाबद्दल दंड झालेला दिसला तर त्याला बेपर्वा म्हणण्याआधी हे आठवा.

तिकीट : जिथे ब्रेक लागतो तिथे बसा

पहिल्या वर्षी आम्ही खालच्या रांगेतली, कठड्याजवळची तिकिटं काढली होती. गाड्या जवळून दिसतील असं वाटलं. जवळून दिसल्या खऱ्या, पण पाव सेकंद. रंगांचा पट्टा गेला आणि आवाज उरला. जवळच्या जागेचा मोह टाळा आणि उंच जागा घ्या.

मुख्य स्टँडमध्ये वरच्या रांगांत बसलात तर सुरुवातीची रेषा, पिट लेन आणि पहिल्या वळणाचा चढ हे सगळं समोर येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हीच जागा घ्यावी, कारण या शर्यतीचे निम्मे निर्णय पिटमध्ये होतात आणि ते डोळ्यांनी दिसले तर समजायला सोपे जातात. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना मी सातव्या वळणाकडे पाठवते. पैसे वाचवायचे असतील तर टेकडीच्या उतारावरच्या जागा बघा. तिथून गाड्या लहान दिसतात, पण ट्रॅकचे दोन-तीन तुकडे एका नजरेत येतात. दुर्बीण असली तर उत्तम.

बाबांना मी सातव्याला बसवलं होतं. बाबांनी एसटीत बत्तीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी सातारा-पुणे मार्गावर, खंबाटकी घाटातून. इंग्रजी समालोचन त्यांना नको होतं, ड्रायव्हरांची नावं माहीत नव्हती. सराव सुरू असताना दहा-पंधरा गाड्या जाऊ दिल्या आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, उन्हाने थकले. म्हणाले, "अगं, ऐक. ह्याने दोन गिअर पटापट खाली टाकले, आणि ह्याने एक टाकून थोडं थांबून दुसरा टाकला. दुसरा जास्त लवकर बाहेर पडला बघ." मी डोळे मिटून ऐकलं. खरंच, इंजिनाचा खालचा सूर दोन पायऱ्यांनी उतरत होता, आणि प्रत्येक गाडीचं त्या दोन पायऱ्यांमधलं अंतर वेगळं होतं. मग डोळे उघडून पाहिलं. पटापट गिअर टाकणाऱ्या गाडीचं मागचं टोक वळणात शिरताना थरथरत होतं, आणि ड्रायव्हरला ते सावरेपर्यंत पेट्रोल देता येत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते : शर्यतीआधी पाच मिनिटं एका वळणावर नुसतं ऐका. मग बघा.

रस्ता, ऊन आणि कान

हायवे ३७ हा खाडीकाठच्या दलदलीतून जाणारा रस्ता आहे, आणि बराच भाग एकेरी पदराचा. रविवारची शर्यत दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरू होणार असेल तर नऊपर्यंत पार्किंगमध्ये असलेलं बरं. जूनमध्ये असो वा जुलैमध्ये, सकाळी खाडीवरून गार वारा आणि धुकं, दुपारी कडक ऊन. म्हणून अंगात स्वेटर आणि पिशवीत टोपी, दोन्ही हवं. टेकड्यांवरचं गवत तोवर सुकून सोनेरी झालेलं असतं. ते वाढून वणवा पेटू नये म्हणून रेसवेने सुमारे ३,००० मेंढ्यांचा कळप ठेवला आहे. शर्यतीच्या दिवशीही उतारावर कुठे ना कुठे दिसतात. मुलांना गाड्यांइतकंच त्यांचंही आकर्षण असतं.

खाण्याचे पदार्थ मऊ कापडी कूलरमधून नेता येतात. मापाची मर्यादा असते आणि काचेची बाटली चालत नाही. ते नियम तिकिटाबरोबर येतात, निघण्यापूर्वी वाचा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, काकडी आणि कोकम सरबत नेतो. दहीभात बर्फाजवळ ठेवा.

कानांची हयगय करू नका. चाळीसच्या आसपास व्ही-८ इंजिनं एकत्र सुरू होतात तेव्हा छातीत धडधडतं. मोठ्यांनी फोमचे बोळे घालावेत, लहान मुलांना वरून झाकणारे हेडफोन घालावेत, आणि तेही पार्किंगमध्येच घालून बघावेत. मी एका वर्षी भाच्याचे घरी विसरले आणि पहिल्या दहा फेऱ्या त्याला घेऊन स्टँडमागे उभी होते.

जमलं तर शनिवारीही जा

सराव आणि पात्रता फेरी (सुटताना कोण कितव्या जागी ते ठरवणारी) शनिवारी असते. गर्दी कमी असते, आणि शिकायला तोच दिवस चांगला. पात्रतेतला पहिला नंबर कोण, याची नोंद करा, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा सरावात सलग आठ-दहा फेऱ्या मारणारी गाडी शोधा आणि तिची प्रत्येक फेरीची वेळ लिहा. वेळ हळूहळू वाढत गेली तर तिचे टायर झिजताहेत. दुसरी एखादी गाडी पहिल्या फेरीला जरा हळू असेल, पण आठव्या फेरीलाही तितकीच वेगवान असेल, तर रविवारी तिच्यावर नजर ठेवा. २०२४ च्या शर्यतीआधी ट्रॅकवर नवं डांबर घातलं, त्यामुळे जुन्या वर्षांतल्या टायरच्या गोष्टी आता जशाच्या तशा लागू होत नाहीत. ज्या त्या वर्षी डोळ्यांनी बघावं.

एक गाडी निवडा, तिचा रेडिओ ऐका

चाळीस गाड्यांवर लक्ष ठेवणं माणसाला शक्य नाही. एकच निवडा. नावावरून नाही, नंबरावरून आणि रंगावरून, म्हणजे लांबून ओळखू येईल. कोणाची निवडावी हे विचारणाऱ्यांना माझी काही उत्तरं ठरलेली आहेत. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स मालिकेत तीनदा विजेता होऊन नॅसकारमध्ये आला. २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर आपली पहिलीच कप शर्यत जिंकला आणि २०२५ मध्ये सोनोमाला ११० पैकी ९७ फेऱ्या पुढे राहून जिंकला. तो अजून उजव्या पायानेच ब्रेक मारतो आणि त्याच वेळी टाचेने पेट्रोल देतो. इतर बहुतेक जण डाव्या पायाने ब्रेक मारतात. काइल लार्सन कॅलिफोर्नियाचाच, एल्क ग्रोव्हचा, इथे २०२१ आणि २०२४ मध्ये जिंकलेला. डॅनियल स्वारेझ २०२२ मध्ये इथेच जिंकला आणि कप शर्यत जिंकणारा मेक्सिकोत जन्मलेला पहिला ड्रायव्हर ठरला. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात, राहून एक नाव माहीत असावं : जेफ गॉर्डन. तो जन्मला याच हायवे ३७ वरच्या वायेहोमध्ये, आणि सोनोमाला पाच वेळा जिंकला. तेवढे विजय इथे दुसऱ्या कोणाचे नाहीत. भारतीय ड्रायव्हर कोणी आला होता का, असं बाबांनीही विचारलं होतं. कपमध्ये नाही, पण नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत धावला होता.

निवडलेल्या गाडीचा रेडिओ नॅसकारच्या ॲपवर किंवा ट्रॅकवर भाड्याने मिळणाऱ्या स्कॅनरवर ऐकता येतो. त्यावर तीन आवाज असतात : ड्रायव्हर, क्रू चीफ आणि स्पॉटर. क्रू चीफ पिटमधून संघाचे डावपेच ठरवतो, स्पॉटर उंचावरून बघून शेजारी कोण आहे ते सांगतो. इथे एका माणसाला सगळा ट्रॅक दिसत नाही, म्हणून संघ वेगवेगळ्या जागी एकाहून जास्त स्पॉटर उभे करतात. थोडे शब्द ओळखू आले की पुरे. 'इनसाइड' म्हणजे आतल्या बाजूला कोणीतरी आहे. 'क्लिअर' म्हणजे बाजू मोकळी. 'टाइट' म्हणजे गाडीचं पुढचं टोक वळायला तयार नाही, 'लूज' म्हणजे मागचं टोक सरकतंय. 'सेव्ह' म्हणजे पेट्रोल वाचव. हा शेवटचा शब्द ऐकलात की वही उघडा.

वहीतलं पान

ह्या भागावर वेळ घाला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

शर्यत तीन टप्प्यांत असते. सोनोमाला पहिला टप्पा २५ व्या फेरीला संपतो, दुसरा ५५ व्या, आणि मग ११० पर्यंत शेवटचा. पहिल्या दोन टप्प्यांच्या शेवटी पहिल्या दहा जणांना १० ते १ असे गुण मिळतात. टप्पा संपला की पिवळा झेंडा लागतो, सगळे हळू होऊन एका रांगेत येतात.

पानाच्या मधोमध आडवी रेघ मारा. उजव्या टोकाला ११० लिहा. तिथून मागे येत ५५ आणि २५ वर खुणा करा. आता एक आकडा शोधायचा आहे : भरलेल्या टाकीवर गाडी किती फेऱ्या जाते? समालोचनात तो सांगतात, रेडिओवरही ऐकू येतो. उदाहरणापुरता ४० धरू. ११० मधून ४० वजा केले की ७०. ७० व्या फेरीच्या आत शेवटची टाकी भरणाऱ्याला पेट्रोल पुरणार नाही, पुन्हा यावं लागेल. दुसऱ्या बाजूने, जो ५५ च्या पिवळ्या झेंड्याखाली टाकी भरून निघाला तो जास्तीत जास्त ९५ पर्यंत जाईल. म्हणजे ७० ते ९५ ही खिडकी. शेवटचा पिट स्टॉप ह्या खिडकीत होणार. रेघेवर तो भाग रंगवून टाका. शर्यत त्या रंगवलेल्या भागात ठरते.

आता टप्प्यांच्या गुणांचं कोडं सुटतं. २५ वी फेरी संपण्याच्या दोन फेऱ्या आधी पिट लेन बंद होते. तुम्हाला दिसेल की २१-२२ व्या फेरीला पुढच्या काही गाड्या अचानक पिटमध्ये वळतात. पहिला असलेला माणूस थेट विसाव्या जागी जातो आणि शेजारचा प्रेक्षक हळहळतो. हळहळायचं कारण नाही. बाकीचे गुण घेण्यासाठी बाहेर राहतात, मग पिवळ्याखाली पिटमध्ये येतात, आणि जो आधीच येऊन गेला तो आपोआप पुढे निघतो. त्याने गुण सोडले आणि पुढची जागा घेतली. तुमच्या गाडीने काय निवडलं ते लिहा. जिला मालिकेतल्या क्रमवारीसाठी गुण हवे आहेत ती बाहेर राहील, जिला फक्त ही शर्यत हवी आहे ती आत येईल.

खिडकी उघडली, ७० वी फेरी आली, की प्रत्येक क्रू चीफपुढे दोन रस्ते असतात. लवकर आत यायचं तर नव्या टायरवर लगेच वेगवान फेऱ्या मिळतात आणि जुन्या टायरवर बाहेर असलेल्यांना गाठता येतं. शिवाय नंतर पिवळा झेंडा लागला तर तुमचा स्टॉप झालेला असतो. बाकीचे तेव्हा आत येणार, तुम्ही बाहेर राहून पुढे. उशिरा यायचं तर मधल्या काळात जागा जाते, पण शेवटच्या वीस फेऱ्यांत तुमचे टायर सगळ्यांत ताजे असतात. पिवळा मध्येच लागला की मात्र हा बेत कोसळतो.

२०२४ ला लार्सनच्या संघाने दुसरा रस्ता धरला. इतरांनंतर पिटमध्ये आले, मागे बाहेर पडले, आणि मग ताज्या टायरवर लार्सन एकेकाला मागे टाकत पुढे आला. त्याच शर्यतीत मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर, जो इथे चार वेळा जिंकला आहे, पेट्रोलचा हिशेब ताणून धावत होता. शेवटच्या फेरीत त्याचं पेट्रोल संपलं आणि तो दुसऱ्या जागेवरून पार मागे गेला. ज्यांच्या वहीत रंगवलेली खिडकी होती त्यांना दहा फेऱ्या आधीपासून पोटात गोळा आला असेल.

पिट स्टॉपची किंमत स्वतः मोजा. तुमची गाडी आत वळण्याआधी तिच्या पुढच्या-मागच्या, पिटमध्ये न आलेल्या एखाद्या गाडीशी सेकंदांचं अंतर लिहा. बाहेर पडून एक फेरी झाल्यावर पुन्हा लिहा. वजाबाकी केली की एका स्टॉपला किती सेकंद जातात ते कळतं. सव्वा मिनिटाच्या फेरीपुढे तो आकडा ठेवलात की लक्षात येईल, इथे हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे बाकीचे पूर्ण वेगात असताना, आत आलं तरी माणूस एक फेरी मागे का पडत नाही.

घरी बसून पाहणाऱ्यांनीही हेच करावं. पुण्या-मुंबईत तेव्हा सोमवार उजाडताना रात्रीचा एक वाजलेला असतो, त्यामुळे पान आदल्या संध्याकाळीच आखून ठेवा. नॅसकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक गाडीची फेरीगणिक वेळ दिसते.

पिटमध्ये कोणाकडे बघायचं

भिंत ओलांडून पाच माणसं येतात : दोघं नट काढणारे, एक टायर आणणारा, एक जॅक लावणारा आणि एक पेट्रोल ओतणारा. सगळे टायरवाल्यांकडे बघतात. तुम्ही पेट्रोलवाल्याकडे बघा. चारही चाकं दहाएक सेकंदांत बदलून होतात, पण मोठा डबा खांद्यावर घेऊन ओतायचा, तो रिकामा करून दुसरा जोडायचा, याला त्याहून वेळ लागू शकतो. जॅक खाली आला, चाकं टेकली, आणि गाडी तरी उभीच आहे असं दिसलं, तर समजा की त्यांना पूर्ण टाकी हवी आहे. डबा अर्ध्यात काढून गाडी सोडली तर समजा की त्यांनी पुढची जागा निवडली आणि पेट्रोल पुढे वाचवायचं ठरवलं. दोन्ही वेळा वहीत खूण करा. शेवटी कोण अडचणीत येणार ते ह्याच खुणांवरून कळतं.

पिवळा झेंडा

गाडी फिरली आणि ट्रॅकबाहेर स्वतःच्या चाकांवर चालू लागली तर पूर्ण ट्रॅकवर पिवळा लागेलच असं नाही. अडकून पडली, भंगार रस्त्यावर आलं, तर लागतो. लागला की खाण्यापिण्यासाठी उठू नका. पहिल्या एक-दोन मिनिटांत कोण आत वळतं आणि कोण बाहेर राहतं हे लिहून घ्या, मग उठा.

२०१० मध्ये शेवटाजवळ असाच पिवळा लागला. ऑस्ट्रेलियाचा मार्कोस अँब्रोज पुढे होता, पहिला कप विजय काही फेऱ्यांवर होता. पेट्रोल वाचवायला त्याने पिवळ्याखाली इंजिन बंद केलं. घाटात उताराला इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे आपल्याकडेही सगळ्यांनी पाहिले आहेत. बाबा ही गोष्ट ऐकताना मध्येच म्हणाले, "चढाला बंद केलं असणार." तसंच झालं. सुरुवातीच्या रेषेपुढच्या चढावर इंजिन वेळेवर सुरू होईना, गाडी जवळजवळ थांबली आणि मागचे पुढे निघून गेले. ठरलेला वेग न राखल्यामुळे त्याला त्याची जागा परत मिळाली नाही. जिमी जॉन्सन जिंकला, अँब्रोज सहावा आला. जॉन्सनच्या सात विजेतेपदांच्या कारकिर्दीत अशा ट्रॅकवरचा तो एकमेव विजय.

पिवळ्यानंतर गाड्या दोन-दोनच्या रांगेत सुटतात. तेव्हा पुढच्या दोघांकडे बघू नका. चौथ्या-पाचव्या रांगेकडे बघा, कारण दुसऱ्या वळणाच्या चढावर रस्ता अरुंद वाटू लागतो आणि गर्दीत धक्काबुक्की तिथेच होते.

शेवटच्या पंधरा फेऱ्या

आता स्क्रीनवरच्या क्रमवारीशेजारी वहीतले दोन आकडे ठेवा : प्रत्येकाने शेवटचे टायर कोणत्या फेरीला घेतले आणि शेवटची टाकी कोणत्या फेरीला भरली. पहिल्या आठ गाड्यांचं लिहिलंत तरी पुरे. पुढच्यांपेक्षा दहा फेऱ्यांनी ताजे टायर असलेली गाडी सहाव्या नंबरवर असेल तर डोळे तिच्यावर ठेवा. पुढच्याशी तिचं अंतर दर फेरीला लिहा. दर फेरीला अर्धा सेकंद कमी होत असेल आणि सहा सेकंद बाकी असतील, तर बारा फेऱ्या लागतील. उरल्या आहेत का? हा हिशेब शेजाऱ्याला समजावून सांगता सांगता आमच्या रांगेतली अनोळखी माणसं दर वर्षी ओळखीची होतात.

शेवटच्या तीन फेऱ्यांना वही बंद करा आणि सातव्या किंवा अकराव्यापैकी जे वळण दिसतं तिकडे तोंड करून उभे राहा. मागची गाडी ब्रेकच्या खुणेनंतर जरा आतल्या बाजूला सरकली तर पुढच्या क्षणी काहीतरी घडणार. एखाद्या वेळी शेवटच्या फेऱ्यांतच पिवळा लागला तर शर्यत ११० च्या पुढे, दोन फेऱ्यांच्या निर्णायक धावेपर्यंत लांबते. पेट्रोलचा काटेकोर हिशेब केलेल्यांचं तेव्हा अवघड होतं.

जिंकलेल्याला इथे भलामोठा वाइनचा पेला करंडक म्हणून मिळतो, आणि तो त्यातून वाइनच पितो. आजूबाजूला सगळा द्राक्षांचा मुलूख आहे.

झेंडा पडल्यावर पार्किंगकडे धावू नका. हायवे ३७ तास-दीड तास तरी हलत नाही. आम्ही उरलेला दहीभात काढतो, वही मांडीवर घेतो आणि रंगवलेली खिडकी पुन्हा एकदा बघतो : आपली गाडी ७४ ला आत आली, ती ८० ला आली असती तर? बाबा गेल्या वर्षी साताऱ्याहून फोनवर हेच विचारत होते. त्यांनी रात्री जागून पान स्वतः आखलं होतं, आणि त्यांच्या हिशेबाने ७८.